ढेकणांचा भादवा

पोळा झाला की आमच्या सास्तूरची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. दोन दिवस भुरभुर, मग एक दिवस असं ऊन की डोक्यावरचा पदरही नकोसा वाटावा. शेतात सोयाबीन दाटून उभं असतं, उडदाच्या शेंगा काळ्या पडायला लागतात, आणि घरात आमच्याशिवाय आणखी हजारभर जीव राहायला येतात. मुंग्यांना साखरेच्या डब्याचा पत्ता कुणी सांगावा लागत नाही. ज्वारीत पोरकिडे होतात. संध्याकाळी ट्यूब लावली की हिरवी, पोपटी, कागदासारखी पातळ पाखरं भिंतीवर गोळा होतात आणि त्यातलं एखादं नेमकं भाकरीच्या पिठात पडतं. दाराच्या चौकटीवर वाळवी मातीची बारीक रेघ ओढत वर चढत असते. सकाळी झाडूनं ती रेघ पुसावी, चार दिवसांनी ती पुन्हा तिथंच.

खोटं कशाला सांगू, मला हा महिना आवडतो. उघडीप मिळाली की मी अंगणात ताडपत्री अंथरते आणि ज्वारी पसरते. ऊन तापायला लागलं की पोरकिडे दाण्यांतून बाहेर पडतात आणि सावलीच्या दिशेनं चालू लागतात. ताडपत्रीच्या कडेला आमच्या कोंबड्या आधीच येऊन उभ्या असतात. चिमण्याही येतात. दुपारभर नुसती टिपाटिपी चालते. मग निवलेल्या ज्वारीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून पोतं शिवायचं. तो पाला हातात चुरला की जो कडवट वास येतो, तो माझ्यासाठी भादव्याचा वास आहे. फुलांचा वगैरे वास माणसं सांगतात. मला हा वास आला की बरं वाटतं.

आता माझी मुलगी लातूरला शिकते. ती सुट्टीत आली की कुठल्या किड्याला किती पाय, कोण किती अंडी घालतं, हे मला सांगत बसते. मी ऐकते. पण एका किड्याबद्दल तिच्या पुस्तकात नाही ते मला माहीत आहे. त्या किड्यानं एकदा आमचं घर महिनाभर मुकं केलं होतं. त्याला सोळा-सतरा वर्षं झाली असतील.

माझं लग्न त्या वर्षी वैशाखात झालं. माहेर येरमाळ्याचं, देवीच्या डोंगराच्या पायथ्याचं. सासरच्या घरात माणसं मोजकीच होती. आमचे हे लोहारा ते सास्तूर जीप चालवायचे. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. नणंद दिलेली होती, ती सणावाराला यायची. मामांनी उभी हयात एका शाळेत शिपाई म्हणून काढली होती. तपासणीला साहेब लोक यायचे, हेडमास्तरांच्या खोलीतल्या दिवाणावर टेकायचे, आणि मामा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभे राहायचे. तीस वर्षं ते तसे उभे राहिले. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आत्याबाईंनी सांगितलं. मामा माझ्याशी फार बोलतच नसत. काही हवं असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "पाणी मिळंल का." मी पाणी ठेवायची. एवढाच आमचा संवाद.

पहिल्या पंचमीला मी माहेरी गेले. परत निघताना आईनं एक वाकळ बांधून दिली. तिनं ती उन्हाळाभर बसून शिवली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची. वरून हिरवं इरकल, आतून पिवळं, आणि काठाला माझ्या बाळपणीच्या परकराची एक पट्टी. एस.टी.त ती मांडीवर घेऊन मी आले. त्याच आठवड्यात आमच्या घरात दुसरी एक वस्तू आली. जवळच्या एका शहरातला जुना लॉज बंद पडला होता आणि तिथलं सामान विकायला काढलं होतं. मामा पाहून आले आणि एक दिवाण ठरवून आले. ह्यांनी तो जीपच्या टपावर बांधून आणला. शिसवी रंगाचा, पाठीला नक्षी, वर फोमची गादी. पुढच्या खोलीत खिडकीखाली तो मांडला, तेव्हा मामांनी आधी हात धुतले, मग धोतर सावरून त्यावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून समोर दाराकडं पाहत राहिले. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, आता जरा वेळ कुणी पुढं जाऊ नका, बसू द्या त्यांना.

आठ दिवस गेले असतील. एका सकाळी माझ्या मनगटावर तीन लाल गांधी उठल्या, एका ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारख्या. आत्याबाई म्हणाल्या, डास. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पाठीवर उठल्या. ते म्हणाले, घामोळं असंल. मग आत्याबाईंच्याच मानेवर उठल्या. तेव्हा त्यांनी पदर मानेभोवती घट्ट लपेटून घेतला.

आम्हा सगळ्यांना कळलं होतं. पण शब्द कुणी उच्चारत नव्हतं. मी पुढं कितीदा तरी विचार केला, की असं का होतं. साखरेला मुंग्या लागल्या तर आपण उघड सांगतो, म्हणजे घरात गोडधोड आहे. पोरकिडे झाले म्हणजे घरात दाणा आहे. डासांवर तर सगळं गाव एकत्र बसून बोलतं. पण ढेकूण म्हटलं की बाईची मान खाली जाते. जणू ते भिंतीत नसतातच, तिच्या वागण्यात असतात. मुलगी आता सांगते की ढेकणाला घर स्वच्छ आहे की घाण आहे याचं काही नसतं, त्याला फक्त ऊब लागते आणि एक फट. मला हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

एका दुपारी आत्याबाई अंथरुणं आवरत होत्या. मी न्हाणीतून धुणं घेऊन येत होते. त्या माझी वाकळ खिडकीच्या उजेडात धरून शिवणीची घडी उलटून बघत होत्या. त्यांनी चिमटीत काहीतरी पकडलं, अंगठ्याच्या नखानं दाबलं आणि बोट पायपुसण्याला पुसलं. मला पाहून त्यांनी वाकळ घडी करून ठेवली. संध्याकाळी भाकरी थापताना, परातीतून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "येरमाळ्याहून आलेल्या कपड्याला जरा ऊन दाखव. नाहीतर उकळून घे."

त्या काही खोचून बोलल्या नव्हत्या. आवाजही चढला नव्हता. पण माहेरावर बोट गेलं की नव्या सुनेला कसं होतं, ते सुनेलाच ठाऊक. आमचं येरमाळ्याचं घर लहान होतं, पण आई रोज सारवायची.  दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात चूल पेटवली, मोठ्या भगुन्यात पाणी उकळलं आणि वाकळ त्यात बुडवली. काठीनं दाबत राहिले. थोड्या वेळानं हिरवा रंग सुटला, मग काठाच्या पट्टीचा लाल सुटला, आणि ते सगळं पिवळ्यात शिरलं. वाफ तोंडावर येत होती, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी वेगळं दिसलं नसतं. मामा त्या वेळी मागच्या ओसरीच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि आत निघून गेले.

वाकळ वाळली. दोन दिवसांनी माझ्या मनगटावर पुन्हा गांधी.

आता महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. आमच्या मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. तो सण म्हणजे घर माणसांनी भरायचा सण. नणंद मुलांना घेऊन दोन मुक्काम येणार होती. माझे आई-वडील पहिल्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला येणार होते. आत्याबाईंचा चेहरा उतरत चालला. ही माणसं निजतील कुठं, आणि जाताना आपल्या पिशव्यांतून काय घेऊन जातील, हाच घोर. एकदा त्या म्हणाल्या, कळवून टाकावं का, की यंदा घरात आजारपण आहे. सणाला पाहुण्यांना येऊ नका म्हणायचं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. मी मनात म्हणत होते, की हे सगळं माझ्या वाकळेमुळं झालं असेल तर मी आईला कुठल्या तोंडानं भेटू.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. इतक्या उकाड्यात मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागले होते. मनगटापर्यंत बटणं लावून. घरात बसल्या बसल्यासुद्धा.

महालक्ष्म्यांना चार-पाच दिवस राहिले होते. पावसानं उघडीप दिली होती आणि सकाळपासूनच ऊन कडक होतं. मामा कामासाठी लोहाऱ्याला गेले. आत्याबाई म्हणाल्या, पुढची खोली धुऊन काढू. भिंतीचं जाळं काढलं, फोटो पुसले, आणि दिवाणाखाली झाडू पोहोचेना म्हणून दोघींनी गादी उचलून उभी केली. मग आत्याबाई म्हणाल्या, ती फळीपण उचल, खाली कचरा असंल.

फळी उचलली. जिथं फळी लाकडाच्या चौकटीवर टेकत होती, तिथं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काळपट-तांबडी पट्टी होती. आधी मला वाटलं, गंज. मग ती पट्टी हलली.

आम्ही दोघी खालीच बसलो.  पंख्याचा आवाज येत होता. मी आत्याबाईंकडं बघायला धजत नव्हते. त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्या आईची वाकळ म्या उगंच उकळाय लावली," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, असू द्या. पण म्हणता म्हणता रडू आलं, आणि रडता रडता आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं तर त्या हसू दाबत होत्या. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, "आन् तुजे मामा तिथं रोज साहेबावानी बसतेत." मग आम्हा दोघींनाही आवरेना. लग्न होऊन चार महिने झाले होते, आणि आम्ही दोघी एकत्र अशा हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा, ढेकणांच्या शेजारी जमिनीवर बसून.

हसू ओसरलं तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. मामांना सांगायचं कुणी? तीस वर्षांनी माणूस बसला होता. आत्याबाई म्हणाल्या, सांगायचं काय, दिवाण बाहेर काढू, त्यांना दिसंलच. दोघींनी ओढत ओढत तो अंगणात नेला आणि उन्हात उभा केला.

मामा दुपारी ह्यांच्याच जीपमधून आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना तो दिसला. मी दारामागं होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आत्याबाई काही बोलणार तोच ते म्हणाले, "मला ठावं हुतं."

पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं. दिवाण आणल्यापासून सगळ्यात जास्त तेच चावून घेत होते. त्यांनी हळूच बाह्या वर केल्या. दंडापासून मनगटापर्यंत दोन्ही हात गांधींनी भरलेले. आता त्या पूर्ण बाह्यांचा अर्थ मला लागला. आणि दुसरंही कळलं, की मी अंगणात वाकळ उकळत होते तेव्हा ते ओसरीवर उभे होते आणि त्यांना माहीत होतं. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो माणूस खाली मान घालून, उघड्या हातांनी उन्हात उभा होता. हेडमास्तरांच्या दाराशी तो असाच उभा राहत असेल, असं मनात आलं आणि राग कुठं गेला कळलं नाही.

नंतर त्यांनी जे केलं, ते मी विसरणार नाही. आत्याबाई म्हणत होत्या की मागच्या अंगणात नेऊ, कुणाला दिसायचं नाही. मामांनी ऐकलं नाही. त्यांनी ह्यांना जीपमधून पाना आणि पेचकस आणायला सांगितलं, आणि दोघांनी दिवाण उचलून थेट समोरच्या रस्त्यावर नेला. आमचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. रस्ते सरळ, घरं समोरासमोर. रस्त्यावर काही ठेवलं की ते दोन्ही टोकांना दिसतं. मामा रस्त्याच्या मधोमध बसून एक एक स्क्रू काढू लागले. मी उकळतं पाणी आणून देत होते आणि ते किटलीच्या तोटीनं प्रत्येक फटीत ओतत होते.

समोरच्या घरातून गोदाक्का बाहेर आल्या. गोदाक्का म्हणजे आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं तोंड. त्यांना एक गोष्ट कळली की गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायची. कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, काय चाललंय, भावजी? आत्याबाईंनी माझा हात धरला. 

मामा उठून उभे राहिले.

"ढेकणं झालेत," ते म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल असं. "म्या आणलेत. लॉजातला दिवाण घेतला म्या. सुनेचं त्यात काय न्हाय."

 गोदाक्कांनी एकदा दिवाणाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी आपला आवाज कधी नव्हे इतका खाली आणला.

"अवो भावजी, आमच्या घरी तर मिरगापासून हायेत. मी मेली कुणाला सांगू?"

त्यांच्या शेजारच्या घराची खिडकी उघडी होती. आतून एका बाईचा आवाज आला, "आमच्या बी." आणि तिसऱ्या घरातून एक म्हातारे बाहेर येऊन नुसते हसत उभे राहिले, पाठ खाजवत.

पुढचं सगळं कुणी ठरवलं नाही. गोदाक्का आत गेल्या आणि आपली बाज ओढत बाहेर आल्या. मग पलीकडची बाज आली, मग लोखंडी पलंग, मग एक पाळणा. तासाभरात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्त्यावर बाजाच बाजा उभ्या होत्या. गाद्या कठड्यांवर, वाकळा तारांवर, उशा पत्र्यांवर. चार ठिकाणी चुली पेटल्या. कुणी लाकडाच्या सांध्यांत रॉकेल लावत होतं, कुणी बाजेचं सगळं सुंभ सोडून धुवायला काढलं होतं. सुंभ सोडलं की बाज विणणारा लागतो, आणि गल्लीत तसं कसब आता दोघांनाच येत होतं. त्या दोघा म्हाताऱ्यांना त्या दिवशी असा मान मिळाला की विचारू नका. बायका त्यांना चहा नेऊन देत होत्या आणि ते सांगत होते, आधी माझ्या भाचीची, मग तुमची. लहान मुलं बाज उचलून आपटायची आणि खाली काय पडतं ते मोजायची. ज्याच्या बाजेखाली जास्त, त्याचा जयजयकार. सकाळपर्यंत जी आब्रू होती, तिची दुपारी शर्यत झाली होती.

उन्हं कलली तेव्हा आत्याबाई आमच्या पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. त्या रस्त्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, भूकंपानंतर सगळ्या गावाच्या बाजा अशाच बाहेर होत्या. छताखाली निजायला कुणी तयार नव्हतं. वर्षभर उघड्यावर निजलो, पावसातही. एखादी बाज रिकामी दिसायची आणि कुणाची ते आठवायचं. एवढं सांगून त्या थांबल्या. समोर गोदाक्का एका म्हाताऱ्याशी सुंभाच्या गाठीवरून भांडत होत्या आणि पोरं ओरडत होती.

"त्याच्यानंतर आजच बघतीया," आत्याबाई म्हणाल्या. "तवा सगळे रडत हुते."

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिले. रस्त्यावर उकळत्या पाण्याचा, ओल्या लाकडाचा आणि चहाचा वास मिसळला होता.

तीन दिवस ऊन पडलं. भादव्यात असं सलग ऊन म्हणजे देवानंच हातभार लावल्यासारखं होतं. तिन्ही दिवस गल्ली रस्त्यावर होती. ढेकूण काही तीन दिवसांत संपत नाहीत, पुढं दिवाळीपर्यंत आम्ही दर आठवड्याला हे करत राहिलो. पण महालक्ष्म्या बसल्या तेव्हा पुढच्या खोलीत जाजम अंथरलं होतं आणि पाहुणे निवांत निजले. नणंदेला मामांनी दारातच सगळं सांगून टाकलं, म्हणून तिच्या पिशव्या खुंटीला टांगल्या गेल्या, जमिनीवर नाही.

जेवणाच्या दिवशी माझे आई-वडील आले. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील. पंगत उठल्यावर मामांनी घडीची वाकळ आतून आणली आणि माझ्या आईसमोर ठेवली. हिरव्यात पिवळं, पिवळ्यात लाल, सगळा गोंधळ झालेला. ते म्हणाले, "तुमच्या लेकीवर आळ आला आन् म्या गप बसलो. माफी असावी."

 आईनं वाकळ उलटून पाहिली, टाके ओढून पाहिले. म्हणाली, रंग गेला तर जाऊ द्या, टाका एक उसवला न्हाय. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि आम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिच्या लग्नाच्या वर्षी तिच्या पेटीतून झुरळ निघालं होतं, आणि तिच्या सासूनं ती पेटी आठ दिवस गोठ्यात ठेवली होती. माझ्या वडिलांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. ते आईकडं बघतच राहिले.

मामांचं आणि माझं त्यानंतर बदललं. दर रविवारी सकाळी ऊन आलं की ते हाक मारायचे, आता भिंतीकडं बघून नाही, नावानं. चष्म्यानं बारकं दिसत न्हाय, तू बघ, म्हणायचे. मी बाजेचे सांधे तपासायची, ते किटली धरून उभे असायचे, आणि आम्ही बोलायचो. शाळेतल्या गमती, भूकंपाच्या आधीचं जुनं गाव, माझ्या येरमाळ्याची यात्रा. कितीदा तरी ढेकूण एकही सापडायचा नाही आणि आम्ही तासभर बोलत असायचो. दिवाण त्यांनी ठेवला नाही. त्याच्या फळ्या भाजीच्या वेलाच्या मांडवाला गेल्या. ते बाजेवर बसायचे, पाय पसरून, अर्ध्या बाह्यांच्या बंडीत, आणि मला वाटतं ते तिथं जास्त सुखानं बसले. चार वर्षांपूर्वी ते गेले. शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होते.

त्या भादव्यापासून आमच्या गल्लीला एक खोड लागली. आम्ही किडे लपवत नाही. सकाळी कुणी दारात येऊन म्हणतं, पिठाला जाळी धरलीय. कुणी म्हणतं, मोरीत गोम निघाली. लगेच तीन घरांतून तीन उपाय येतात, त्यातले दोन कामाचे नसतात. बाहेरगावचा माणूस ऐकून दचकतो. आम्हाला ते रामराम घातल्यासारखं वाटतं.

परवाची गोष्ट. समोरच्या घरात यंदा नवी सून आली आहे, लामजन्याकडची. दुपारी मी ज्वारी पसरून बसले होते. ती पदराखाली काहीतरी झाकून, इकडं तिकडं बघत माझ्याकडं आली. पदर बाजूला केला तर डबा. माहेरहून आणलेली तुरीची डाळ, आणि डाळीत भुंगे चालत होते. तिचा चेहरा रडवेला झाला होता. म्हणाली, घरात अजून कुणी पाहिलेलं नाही, तुमच्या उन्हात जरा टाकू का, मी लगेच नेते.

मी तिच्या हातातून डबा घेतला आणि डाळ माझ्या ज्वारीशेजारी ताडपत्रीवर ओतली. तिला खाली बसवलं. मग मान वर करून गल्लीला हाक दिली,

"माझ्या डाळीला भुंगं लागलेत बाई. चाळण हाय का कुणाकडं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तोवर दोन्ही बाजूंची दारं उघडली होती, आणि चार चाळणी घेऊन चार बायका निघाल्या होत्या.